सोमवारी शाळेला कुलूप : चार दिवसांचा आठवडा नक्की कुणाच्या सोयीचा?

ओझार्कवासी

गेल्या मंगळवारी आमच्या शाळेच्या बोर्डाची बैठक झाली. सात जणांचं बोर्ड. पाच हात वर, दोन खाली. येत्या ऑगस्टपासून शाळा मंगळवार ते शुक्रवार. सोमवारी कुलूप.

आम्ही अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या दक्षिण टोकाला, डोंगराळ भागात राहतो. इथलं 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा समजू नका. बालवाडी ते बारावी मिळून पाचशेच्या आत मुलं, दोन इमारती आणि पिवळ्या बस. अशी पाचशेच्या वर डिस्ट्रिक्ट या एका राज्यात आहेत, आणि त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाने हा चार दिवसांचा आठवडा आधीच घेतलाय. कायद्याला दिवसांशी घेणंदेणं नाही, वर्षाला १०४४ तास भरले की झालं. म्हणून उरलेल्या चार दिवसांत शाळा पाऊण तासाने लांबणार. २०२४ च्या कायद्याने मोठ्या शहरांत आणि मोठ्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) यासाठी लोकांचं मतदान घ्यावं लागतं. आमच्यासारख्या खेड्यात बोर्डाने ठरवलं की ठरलं.

सुपरिटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, म्हणाले, पैसे वाचवायला नाही, शिक्षक मिळावेत म्हणून करतोय. गणिताच्या जागेला वर्षभरात एक अर्ज नाही. खरं आहे ते. पण का नाही? मिझुरीत शिक्षकाचा कायद्याने ठरलेला किमान वार्षिक पगार कित्येक वर्षं २५,००० डॉलर होता, आता कुठे ४०,००० केलाय. आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर शेजारचं राज्य, आर्कान्सा. तिथे २०२३ च्या कायद्याने किमान ५०,०००. आता सांगा.

माझं म्हणणं एवढंच. माझा नवरा डॉक्टर. आम्ही या गावात आलो ते हौसेने नाही. जे-१ व्हिसावर (ठराविक मुदतीसाठी शिकायला-शिकवायला येणाऱ्यांचा व्हिसा) शिकलेल्या डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती माफ होते. म्हणजे डॉक्टर मिळत नाहीत म्हणून सरकारने व्हिसाची वाट मोकळी केली, दवाखान्याने पगार वाढवला. दवाखाना सोमवारी बंद ठेवू असं कुणी म्हणालं नाही. मग शिक्षक मिळत नाहीत म्हणून शाळा का बंद?

कॅक्टस_मॅडम

ताई, असहमत. पूर्ण असहमत.

मी मूळची नाशिकची, ॲरिझोनाच्या एका आडगावात तिसऱ्या वर्षी विज्ञान शिकवतेय. मीही जे-१ वरच, फक्त शिक्षकांच्या. म्हणजे तुमचे दवाखानेच नाही, शाळाही परदेशातून माणसं आणतायत. तीन वर्षं, फार तर आणखी दोन, मग परत. माझ्या मजल्यावर सहा शिक्षक, त्यातले तिघे फिलिपिन्सचे. तरी दोन जागा रिकाम्या.

आमची शाळा सोमवार ते गुरुवार. दाताचा डॉक्टर इथून सव्वाशे किलोमीटर. बँकेचं काम, गाडीचं काम, सगळं तिकडे. पाच दिवसांची शाळा असती तर प्रत्येक कामाला रजा, आणि रजेवर गेलं की बदली शिक्षक नाही, म्हणजे माझी मुलं शेजारच्या वर्गात कोंबायची. आता ते सगळं शुक्रवारी होतं. वर्ग बुडत नाही. खेळांचं तर विचारूच नका. इथे समोरचा संघ दोन-दोन तासांवर. शुक्रवारी सामना असला की अर्धी शाळा दुपारी बारालाच बसमध्ये. तो दिवस कागदावर भरायचा, फळ्यासमोर नाही.

पगार वाढवा म्हणता, जरूर वाढवा. पण तुमच्या गावात घरपट्टी वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला तर किती शेजारी 'हो' म्हणतील? बोर्डाच्या हातात पैसा नाही, दिवस आहे. ते तोच देणार.

पाटण_खोरे

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी शाळा. अमेरिका पाहिलेली नाही, पण हा प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

आपल्या शिक्षण हक्क कायद्यात दोन्ही अटी आहेत. पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. नुसते तास नाहीत, दिवससुद्धा. ज्याने हे लिहिलं त्याला लहान मूल कळत होतं. सात वर्षांचं पोर दुपारी तीननंतर शिकत नाही, नुसतं बसतं. तुम्ही वाढवलेला पाऊण तास हा त्या वेळचा आहे ना? सकाळचा एक तास आणि तो पाऊण तास घड्याळात सारखे, वर्गात नव्हेत.

दुसरं, जेवण. आमच्याकडे खिचडी शिजली नाही त्या दिवशी काही पोरं घरी काय खातात ते मी पाहिलंय. तुमच्याकडे काय व्यवस्था?

ओझार्कवासी

गुरुजी, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. इथे निम्म्याहून जास्त मुलांना नाश्ता आणि दुपारचं जेवण शाळेत फुकट किंवा सवलतीत मिळतं. सोमवारसाठी चर्चची मंडळी शुक्रवारी दप्तरात खाऊची पिशवी देणार म्हणतात. डबाबंद सूप, क्रॅकर्स, पीनट बटर. चांगली माणसं आहेत, पण पिशवी म्हणजे गरम जेवण नव्हे.

आकडेमोड्या

दोन्ही बाजू मनातलं बोलतायत, थोडे आकडे टाकतो. (पेशाने सांख्यिकीवाला, सवय जात नाही. हलके घ्या.)

खर्च : २०११ मध्ये एका शिक्षणधोरण संस्थेने हिशेब मांडला होता. पाचातला एक दिवस गेला म्हणजे २० टक्के वाचले असं वाटतं. कमाल शक्य बचत निघाली ५.४३ टक्के आणि प्रत्यक्षात झालेली ०.४ ते २.५. कारण खर्चाचा मोठा भाग पगार, आणि शिक्षकांचा पगार तेवढाच राहतो. वाचतं काय, तर बसचं डिझेल, स्वयंपाकघर, थोडी वीज. ही कल्पना वाढलीसुद्धा डिझेलमुळेच. १९७३ च्या तेलटंचाईनंतर न्यू मेक्सिकोतल्या सिमरॉनने ती उचलली, लांब पल्ल्याच्या बस होत्या म्हणून.

अभ्यास : ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या पॉल थॉम्पसन यांनी ऑरेगनमधल्या मुलांचे गुण तपासले, गणित आणि वाचन दोन्हीत घसरण. पण थांबा. पुढच्या कामात दिसलं की घसरण मुख्यतः जिथे आठवड्याचे तास कमी झाले तिथे. तास राखले तिथे फरक जवळपास नाही. आणि एमिली मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी सहा राज्यांची माहिती पाहिली, त्यात नुकसान खेड्यांत कमी आणि छोट्या शहरांत-उपनगरांत जास्त. म्हणजे ओझार्कताई, तुमच्याच गावात त्याचा फटका तुलनेने सौम्य असायला हवा.

ओझार्कवासी

'तुलनेने सौम्य' हे सरासरीचं झालं. माझं एकच मूल आहे, सरासरी नाही. :)

दोन_पिढ्या_कोलोरॅडो

इथे वीस वर्षं झाली. कोलोरॅडोत निम्म्याहून कितीतरी जास्त डिस्ट्रिक्ट चार दिवसांची आहेत. आम्हाला हा वादच नवा वाटत नाही. माझ्या दोन्ही मुली अशाच शाळेत शिकल्या. थोरली आता परिचारिका, धाकटी शेतीशास्त्र शिकतेय. शुक्रवारी थोरली गावातल्या पशुवैद्याकडे मदतीला जायची, ते तिचं खरं शिक्षण. धाकटी झोपायची. तेही गरजेचं असतं.

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या डिस्ट्रिक्टपुढे दोनच पर्याय होते : चार दिवस, नाहीतर पन्नास किलोमीटरवरच्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन व्हा. विलीन झालो असतो तर शाळा गेली असती, मग टपाल कचेरी, मग किराणा दुकान. एक दिवस देऊन आम्ही चार दिवस वाचवले.

पाटण_खोरे

हे वाक्य मी ऐकलंय साहेब, फक्त उलट्या तोंडाने. २०२३ साली आमच्याकडे २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं निघालं. पानशेतचा नमुना दाखवला. तेव्हा सांगितलं की मुलांना चांगल्या सोयी मिळतील, बस येईल. माझा पट १७. पावसाळ्यात आमच्या वाडीला बस येते का, हे विचारायला कुणी आलं नाही.

तुमची शाळा एक दिवस सोडून वाचली असेल, मी नाकारत नाही. पण एकदा दाखवून दिलं की गाव एक दिवस शाळेविना चालतं, की पुढच्या वेळी काटकसर करणाऱ्याला हात कुठे घालायचा ते कळतं.

चहाटळ

आमच्या लहानपणी शनिवारी सकाळची शाळा असायची, ती अर्धी सुट्टीच. त्यात पोळा, नागपंचमी, गावची जत्रा, ऊसतोडीला गेलेली पोरं. हिशेब केला तर आम्ही चार दिवसवालेच. अमेरिका आत्ता पोचली होय!

आकडेमोड्या

@चहाटळ, हसलो. पण ऊसतोडीला गेलेलं पोर सुट्टीवर नव्हतं हो.

@कोलोरॅडो, तुमच्याच राज्याचा एक आकडा राहिला. फिशर आणि आर्गाइल यांनी २०१८ मध्ये तिथल्या ग्रामीण भागाचा अभ्यास केला : चार दिवसांच्या शाळांच्या हद्दीत किशोरवयीनांचे गुन्हे सुमारे २० टक्क्यांनी वाढले, त्यातही चोरीमारी जास्त. दुसरीकडे ओक्लाहोमाच्या हायस्कुलांत मारामारी आणि दादागिरी कमी झाल्याचं मॉर्टनबाईंनाच आढळलं. शाळेतली भांडणं कमी, गावातल्या चोऱ्या जास्त. काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

दोन_पिढ्या_कोलोरॅडो

शुक्रवारी एका पोराने आमच्या गोठ्यातून सॅडल चोरली होती खरी. सोमवारी शाळेत त्यानेच फुशारकी मारली आणि सापडला. (आकडा मान्य. पण ज्या घरात मोठं माणूस असतं तिथलं पोर नव्हे हे.)

ओझार्कवासी

'ज्या घरात मोठं माणूस असतं' यातच सगळं आलं ना? माझी शेजारीण शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. तासावर पगार. सोमवार गेला म्हणजे तिचे सात तास गेले, बस चालवणाऱ्या काकांचेही गेले. शिक्षकाला तीन दिवसांची सुट्टी, स्वयंपाकिणीला पगारकपात, आणि तिचा मुलगा सोमवारी घरी एकटा, कारण ती आता त्या दिवशी स्वस्त मालाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणार. बैठकीत हे कुणी बोललं नाही. बोलायला उभं राहायचं तर तीन मिनिटं मिळतात, नाव आधी नोंदवायचं असतं आणि ती वेळ तिच्या पाळीची असते.

आणि शिक्षक येतील याची तरी हमी? राज्यात तिसरा हिस्सा डिस्ट्रिक्ट चार दिवसांची झाली. जे सगळ्यांकडे आहे ते आमिष कसलं?

कॅक्टस_मॅडम

स्वयंपाकिणीचा मुद्दा मान्य. शंभर टक्के. आमच्याकडे त्यांचे तास चार दिवसांत वाटून दिले. सगळे नाही, पण बरेचसे. हे बोर्डाकडून लिहून घेता येतं, तुम्ही मागा.

आमिषाचं म्हणाल, तर थोडं बरोबर, थोडं नाही. नवीन माणूस येतो की नाही सांगता येत नाही, पण असलेला टिकतो तो या दिवसामुळे. निदान मी तरी. माझ्या शेजारच्या वर्गातली बाई साठीच्या पुढची आहे. पाच दिवस झाले तर उद्या राजीनामा देईन म्हणते. तिच्या जागी कोण येणार, ताई? संगणकावरचा कार्यक्रम आणि मागे बसलेली एक मदतनीस. मग सोमवारीही शाळा उघडी ठेवा, फळ्यासमोर माणूस नसेल. तुमचं दवाखान्याचं उदाहरण छान आहे, पण तुमच्या यजमानांच्या पगाराला विमा कंपन्यांचे पैसे येतात. माझा पगार कुणाच्या घरपट्टीतून येतो आणि तो माणूस स्वतः वर्षाला तीस हजार डॉलरांत घर चालवतो.

पाटण_खोरे

मॅडम, तुमचं दुखणं कळतं. मी प्रभारी मुख्याध्यापक आहे, म्हणजे लिपिक, शिपाई आणि स्वयंपाकाचा हिशेबनीसही मीच. एक दिवस बिनशाळेचा मिळाला तर मीही नाचेन. पण तो दिवस मुलांच्या वाट्यातून नको. मदतीला एक माणूस द्या.

आकडेमोड्या

ओझार्कताई, एक व्यावहारिक गोष्ट. त्याच २०२४ च्या कायद्यात, वर्षाला किमान १६९ दिवस शाळा भरवणाऱ्या डिस्ट्रिक्टला राज्याकडून जादा अनुदान आहे. तुमच्या बोर्डाने सोमवार सोडताना ते किती सोडलं आणि डिझेलमध्ये किती वाचवलं, हे दोन आकडे शेजारी शेजारी मागा. आणि रोजचे वाढवलेले तास खरंच शिकवण्याचे आहेत की मधली सुट्टी लांबवलीय, तेही. वेळापत्रक मागून घ्या, भाषण नको.

दोन_पिढ्या_कोलोरॅडो

+१. आणि सोमवार का, शुक्रवार का नाही, हेही विचारा.

ओझार्कवासी

ते विचारलं. शुक्रवारी रात्री फुटबॉलचे सामने असतात, त्या दिवशी शाळा हवीच, म्हणून सोमवार. सुपरिटेंडंटनी हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं.

आकडेमोडे, अनुदानाचं माहीत नव्हतं, आभार. पुढच्या बैठकीसाठी नाव नोंदवलंय. शेजारणीचं म्हणणं मी वाचून दाखवणार, तिने इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्यात. मॅडम, तास वाटून देण्याचंही त्यात घातलंय, तुमच्यामुळे.

काल दप्तरातून एक कागद निघाला. सोमवारी शाळेतच मुलं सांभाळायची सोय करतायत, दिवसाला २५ डॉलर, पंधरा मुलं झाली तरच. 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. आमच्या तिसरीतल्या चिरंजीवांनी 'नाही'समोर आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. १५ मेपर्यंत द्यायचाय. खोडरबर अजून काढलेलं नाही.