व्हेनिस: टिपा, सल्ले, आवडलं-नावडलं सगळं इथे लिहा

ओवी_सातारा
दिवाळीसाठी दागिने रिठ्याच्या पाण्यातून काढताना आजीची पुतळ्यांची माळ हातात आली आणि व्हेनिस आठवलं. पुतळीवरच्या दोन आकृतींना आमच्याकडे राम-सीता म्हणायचे. मुळात ते व्हेनिसचं सोन्याचं नाणं. उभा आहे तो संत मार्क, गुडघ्यावर बसलेला तिथला राज्यप्रमुख, म्हणजे डोज. १२८४ पासून पाडलेलं, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. १७९७ मध्ये ते राज्य बुडालं तोपर्यंत कस बदलला नाही, म्हणून आपल्या किनाऱ्यावरचे व्यापारी डोळे मिटून घ्यायचे. पुढे इथल्या सोनारांनी त्याच छापाच्या पुतळ्या घडवल्या.

ती टांकसाळ अजून उभी आहे. सान मार्को या मुख्य चौकाच्या धक्क्यावर, पाण्याकडे तोंड करून. तिचं नाव त्सेक्का, अरबी 'सिक्का'वरून आलेलं. आपला शिक्काही तोच! आता ती मार्चियाना ग्रंथालयाचा भाग आहे. समोरून हजारो लोक जातात, मान वर करून कोणी बघत नाही.

ज्यांना हे शहर नीट माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. 'सुंदर आहे', 'महाग आहे' सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवात मी करते: मुक्काम करा, किमान दोन रात्री. सकाळी साडेसातच्या आत आणि रात्री नऊनंतरचं व्हेनिस वेगळंच गाव आहे.

पाणकावळा
बोटीचं आधी लिहितो, पैसे तिथेच वाया जातात. सार्वजनिक बोट म्हणजे वापोरेत्तो. एकेरी तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. २४ तासांचा पास २५, ४८ चा ३५, ७२ चा ४५, आठवड्याचा ६५. तीन फेऱ्यांचे २८.५० होतात, म्हणजे दिवसात तीनदा बसणार असाल तर पासच घ्या. वय ६ ते २९ असेल तर आधी ६ युरोंचं रोलिंग व्हेनिस कार्ड, मग ७२ तासांचा पास ४५ ऐवजी २७ ला.

पास विकत घेतल्यावर सुरू होत नाही, धक्क्यावरच्या यंत्राला पहिल्यांदा टेकवल्यावर होतो. नंतरही प्रत्येक वेळी चढण्याआधी टेकवायचाच, नाहीतर खिशात पास असून दंड.

दुसरी चूक धक्क्याची. एकाच थांब्याला अ, ब, क असे तीन-चार तरंगते धक्के असतात. शहराच्या मध्यावरच्या रियाल्तो थांब्याला चुकीच्या धक्क्यावर उभं राहिलं की बोट उलट्या दिशेला नेते. पाटीवर क्रमांक आणि शेवटचा थांबा दोन्ही वाचा. १ नंबर ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावर जवळजवळ प्रत्येक थांबा घेते, पियाझ्झाले रोमाहून (बस-गाड्या तिथवरच येतात) सान मार्कोपर्यंत पाऊण तास. बघत जायचं असेल तर हीच. पोचायचं असेल तर २ नंबर.

विमानतळाची बस साध्या पासात नाही. तिचं तिकीट वेगळं.

खारी_बिस्कीट
+१. आणि पाठीवरची सॅक बोटीत उतरवून पायाशी ठेवा, तिथले लोक फार वैतागतात त्यावरून. रोज कामाला जाणारी माणसं त्याच बोटीत असतात.

मला विचाराल तर शहर आवडतं पण सकाळी अकरा ते दुपारी चार सान मार्को ते रियाल्तो हा पट्टा टाळावाच. जत्रेत ढकलत ढकलत देवदर्शन होतं तसं होतं. बेटांवरच्या जुन्या शहराची वस्ती पन्नास हजारांच्याही खाली गेली आहे, १९५१ मध्ये पावणेदोन लाखाच्या आसपास होती. त्यावरून समजा. तेवढ्या वेळात कास्तेल्लो भागाचं पूर्व टोक, कान्नारेज्यो भागातले उत्तरेकडचे कालवे किंवा ज्युदेक्का बेट करा. दोरीवर कपडे वाळत असतात, मुलं चेंडू खेळत असतात.

मीनाक्षी_ठाणे
आईबाबांना घेऊन मेमध्ये जायचंय. आईचे गुडघे दुखतात. जमेल का?? प्लीज सांगा

झुळूक
मीनाक्षी, जमेल, पण हॉटेल निवडताना तारे बघू नका, पूल मोजा. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. बोटीचा थांबा ते हॉटेल या वाटेवर एकही पूल नसेल अशीच जागा घ्या. हॉटेलला थेट विचारा, 'थांब्यापासून किती पूल?' ते बरोबर सांगतात, हा प्रश्न त्यांना रोजचा आहे. लिफ्टचंही विचारा, जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते.

पियाझ्झाले रोमाहून रेल्वे स्टेशनला जायला काचेचा नवा पूल दिसेल (२००८ चा). लोक घसरून पडायचे म्हणून काचेच्या पायऱ्यांच्या जागी दगड बसवावा लागला. आईंना त्यावरून नेऊ नका, एक थांबा बोटीने जा. वापोरेत्तोत चढताना पायरी नसते, बोट आणि धक्का जवळजवळ समपातळीत येतात, त्यामुळे १ नंबरची बोट म्हणजे गुडघेवाल्यांची बस समजा. साल्यूते, सान झक्कारिया, सान ज्योर्ज्यो ही चर्चं थांब्याला अगदी लागून आहेत.

उंचावरून शहर बघायचं तर सान मार्कोच्या मनोऱ्याची रांग सोडा. समोरच्या सान ज्योर्ज्यो माज्योरे बेटावरच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, गर्दी कमी, आणि तिथून सान मार्को समोर दिसतं. खुद्द सान मार्कोच्या मनोऱ्यावरून सान मार्को कसं दिसणार!

सामान: चाकाची बॅग पुलावर उचलावी लागते. एका हाताने उचलता येईल तेवढीच भरा. अगदीच नाही जमलं तर स्टेशनवर एक नंबर फलाटाशेजारी सामान ठेवायची सोय आहे.

मीनाक्षी_ठाणे
खूप खूप धन्यवाद झुळूक! पूल मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना शुद्ध शाकाहारी लागतं, त्याचं पण कोणीतरी लिहा

सुगरण
शाकाहाराचं मी लिहिते, कारण व्हेनिसमध्ये फसगत मांसापेक्षा माशाने होते. अँकोव्ही नावाचा छोटा खारवलेला मासा, इटालियनमध्ये आच्यूगे, कशातही असतो. बिगोली इन साल्सा नुसता कांद्याचा पास्ता दिसतो, त्यात तो विरघळलेला असतो. ब्रेडमध्ये मोत्झारेल्ला घालून तळतात (मोत्झारेल्ला इन कारोत्झा), त्यात इथे तो किंवा हॅम हमखास. उकडलेल्या अर्ध्या अंड्यावरही ठेवतात. रिसी ए बिसी म्हणजे मटार-भात, आपल्याला वाटतं काय बिघडलं, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि बरेचदा मांसाचं पाणी. रिझोत्तो मागवताना 'ब्रोदो वेजेताले?', म्हणजे पाणी भाज्यांचंच ना, हे विचाराच.

कडक पाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या: पार्मेजान आणि ग्राना चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) घालून बनतं. चीज नको तर 'सेन्झा फोर्माज्यो'.

निर्धास्त खाता येईल असं: पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही), पास्ता आल पोमोदोरो (टोमॅटोचा), भाजलेल्या भाज्या म्हणजे वेर्दूरे ग्रिल्याते, मशरूम घातलेला पोलेंता. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आपल्या लोकांना लगेच जवळची वाटते. एक वाक्य पाठ करा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे, सेन्झा आच्यूगे', म्हणजे मांस नको, मासा नको, अँकोव्ही नको.

एप्रिल-मेमध्ये रियाल्तोच्या बाजारात सांत एरास्मो बेटावरची कोवळी आर्टिचोक (कळीसारखी भाजी) येतात, कास्त्राउरे म्हणतात. जांभळट, लिंबाएवढी. मिळाली तर सोडू नका. मासळीबाजार मंगळवार ते शनिवार, दुपारपर्यंत उरकतो.

खारी_बिस्कीट
बिलाचं राहिलं. 'कोपेर्तो' म्हणजे बसल्याचे माणशी दोन-चार युरो. ती लबाडी नाही, मेनूत छापलेलं असतं. खरा फटका माशाच्या दराचा. दरापुढे 'एत्तो' लिहिलं असेल तर तो १०० ग्रॅमचा भाव. ८ युरो वाचून अख्खा मासा मागवला, तो ७०० ग्रॅमचा निघाला की ५६ युरो. शिजवायच्या आधी वजन करून किंमत सांगा म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही.

कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून महाग. सान मार्को चौकात वाद्यवृंद चालू असेल तर संगीताचा आकार वेगळा लागतो.

कोकणकडा
पाणी भरण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत म्हणून सविस्तर. 'आक्वा आल्ता' ही भरतीच आहे, पाऊस नव्हे. आपल्याकडे मुंबईला उधाणाची भरती पावणेपाच-पाच मीटरपर्यंत जाते, तिथला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक मीटर. मग शहर का बुडतं? एक तर ते पाण्याला टेकूनच बांधलंय. त्यात शरद-हिवाळ्यात आग्नेयेकडून शिरोको वारा सुटतो आणि निमुळत्या एड्रियाटिक समुद्राचं पाणी वरच्या टोकाला, म्हणजे नेमकं व्हेनिसकडे ढकलतो. भरती आणि वारा एका वेळी आले की झालं. ४ नोव्हेंबर १९६६ ला भरतीची पातळी १९४ सेंटीमीटर, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ (रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे).

आता शहराभोवतीची खाडी समुद्राला मिळते त्या तीन तोंडांवर मोझे नावाचे ७८ दरवाजे आहेत. एरवी तळाशी पाणी भरून आडवे पडलेले असतात, आत हवा सोडली की उठून उभे राहतात. ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीला वापरले. ते साधारण ११० सेंटीमीटरचा अंदाज असला की उचलतात. सान मार्को चौक मात्र ८० च्या आसपासच भिजू लागतो. म्हणून ८० ते ११० च्या मधल्या दिवशी दरवाजे खाली आणि चौकात पाणी, असं होऊ शकतं. बिघाड नव्हे तो.

प्रवाशाने काय करायचं: ऑक्टोबर ते जानेवारीत जाणार असाल तर महापालिकेच्या भरती केंद्राचा अंदाज रोज बघा. पाणी भरतीच्या टोकाला दोन-तीन तास राहतं, मग उतरतं. त्या वेळी फळ्यांचे उंच रस्ते मांडतात, त्यावर उजवीकडून चालायचं, फोटोला थांबायचं नाही. दिवस रद्द करू नका, फक्त सान मार्कोची वेळ पुढे ढकला.

ओवी_सातारा
कोकणकडा, फारच छान समजावलंत. आडवे पडलेले दरवाजे हवेने उठतात हे आत्ता नीट कळलं.

निवांत_नाशिक
ओवीताई, पुतळी जुनी खरी की इथली घडवलेली हे कसं ओळखायचं? आमच्याकडेही एक माळ आहे, वाटणीत तीन घरांत गेली.

ओवी_सातारा
अक्षरं बघा. मूळ नाण्यावर लॅटिन अक्षरं सुटी सुटी वाचता येतात, डोजचं नाव असतं. नकलेत अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके येतात, कारण घडवणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. पाठीमागे लंबगोलात ख्रिस्त आणि भोवती तारे. पण नक्कल म्हणून कमी लेखू नका, सोनं सोनंच आणि हात आपल्या सोनाराचा. ब्रशने घासू नका मात्र, छाप झिजतो. (तीन घरांत गेली हे वाचून वाईट वाटलं. एकदा तिन्ही एकत्र ठेवून फोटो तरी काढा.)

पाणकावळा
गोंडोला कोणी लिहिलं नाही. दर महापालिकेने ठरवलेला आहे: दिवसा ३० मिनिटं ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटं ११०. हा अख्ख्या बोटीचा दर, माणशी नव्हे, पाच जण बसतात. बसण्याआधी मिनिटं आणि वाट दोन्ही ठरवा. ग्रँड कॅनॉल तर वापोरेत्तोतून दिसतोच, आतले अरुंद कालवे मागा.

बोट मात्र निरखून बघा. साधारण अकरा मीटर लांब आणि मुद्दाम वाकडी. डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद. वल्हं एकच आणि तेही उजवीकडे, सरळ बांधली असती तर गोल फिरत राहिली असती. वल्हं टेकवायचा तो लाकडी खुंट म्हणजे फोर्कोला, त्याच्या वेगवेगळ्या खाचांवर पुढे, मागे, वळण सगळं होतं.

एवढे पैसे नकोत तर त्रागेत्तो. सान तोमा किंवा सांता सोफियाला मोठ्या गोंडोल्यातून पलीकडच्या काठावर, २ युरो. सुटे न्या.

मुक्ता_दुबई
एक दिवसासाठी जाणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे ना आता?

खारी_बिस्कीट
हो, विसरलोच. २५ एप्रिल २०२४ पासून, वर्षातल्या ठराविक दिवशी. २०२५ मध्ये ५४ दिवस होते, वसंत ते जुलै, बहुतेक शुक्रवार ते रविवार. चार दिवस आधी भरलं तर ५ युरो, उशिरा १०. सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत. चौदा वर्षांखालच्यांना नाही. मुक्काम करणाऱ्यांना माफ, पण माफीचा क्यूआर कोड आधी काढून ठेवावा लागतो. मेस्त्रेत राहिलात तरी माफ, ते व्हेनिस महापालिकेतच येतं. आपल्या वर्षाच्या तारखा आधी तपासा.

मेस्त्रे म्हणजे बेटांना जमिनीशी जोडणाऱ्या पुलाअलीकडची वस्ती. खोल्या बऱ्याच स्वस्त, रेल्वेने दहा-बारा मिनिटं. स्टेशनांची नावं नीट वाचा: बेटावरचं 'सांता लुचिया', अलीकडचं 'मेस्त्रे'. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून मगच चढा.

ओवी_सातारा
मेस्त्रेला माझं मन होत नाही. शेवटच्या गाडीकडे लक्ष ठेवून रात्रीचं व्हेनिस बघता येत नाही. रात्री कमी करा, पण बेटावर राहा.

झुळूक
सहमत. पत्त्याचं लिहून पळते, कुकर लावलाय. तिथे पत्ता गल्लीचा नसतो, पेठेचा असतो. सहा पेठा (सेस्तिएरे), आणि प्रत्येकीत घरांना सलग क्रमांक, हजारोंत जातात. 'कास्तेल्लो ४२१८' एवढ्यावर कोणी काही सांगू शकणार नाही. जवळचा चौक म्हणजे कांपो आणि बोटीचा थांबा लिहून घ्या. अरुंद गल्ल्यांत फोनचा नकाशा दोन गल्ल्या सरकतो, तेव्हा भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बघा: 'पेर रियाल्तो', 'पेर सान मार्को', 'फेर्रोविया' म्हणजे स्टेशन.

निवांत_नाशिक
पेठा म्हटल्यावर एकदम पुण्यात गेल्यासारखं वाटलं :)

सुगरण
मीनाक्षी, बाबांसाठी अजून एक. फोकाच्चा ब्रेडमध्ये कधी कधी डुकराची चरबी असते, 'स्त्रुत्तो' शब्द बघायचा. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकात वाहते नळ आहेत, पिण्याचंच आहे. बाटली न्या.

मीनाक्षी_ठाणे
स्त्रुत्तो. लिहून घेतलं. बाकी हॉटेलला आत्ताच मेल टाकली, किती पूल म्हणून