जनरेटरची रेस वर-खाली होतेय

सचिव: नमस्कार मंडळी. काल रात्री लाईट गेल्यावर सोसायटीचा छोटा पेट्रोल जनरेटर लावला. पण रेस सारखी वर-खाली होत होती, जिन्यातले दिवे त्याच तालात लहान-मोठे होत होते. सीसीटीव्हीची पिन काढून ठेवली. कोणाला यातलं कळतं का?

बी-४०१: गव्हर्नरचा, म्हणजे रेस सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू थोडा आवळून रेस वाढवू. संध्याकाळी येतो.

ए-१०२ काका: अरे बाबा, त्या स्क्रूला हात लावू नकोस! आपला जनरेटर ३००० आरपीएमला ५० हर्ट्झ देतो. ३३०० वर नेलास की ५५ हर्ट्झ, आणि अशा बऱ्याच मशीनमध्ये व्होल्टेजही चढतं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर जळाला तर खर्च कोण देणार? गव्हर्नर त्याचं काम बरोबर करतोय. पेट्रोल कमी पडून रेस पडली की तो थ्रॉटल उघडतो, इंजिन उसळलं की मिटतो. म्हणून हे हंटिंग, म्हणजे रेसचं वर-खाली होणं. सचिव, मशीन चालू असताना चोक अर्धा ओढून बघा.

सचिव: बघितलं काका. अर्ध्या चोकवर आवाज एकसारखा झाला! चोक सोडला की पुन्हा तेच.

काका: चोक हवा अडवतो. म्हणजे एरवी हवा जास्त, पेट्रोल कमी. टाकीत गेल्या पावसाळ्यातलंच पेट्रोल आहे ना? हल्ली त्यात २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरच्या छोट्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या तुकड्यात, बसतो.

बी-४०१: मग सुई घालून भोक मोकळं करू?

काका: सुई नको, पितळेचं भोक मोठं झालं की जेट फेकायचा. पेट्रोलचा कॉक बंद कर, इंजिन गार होऊ दे, १० नंबरच्या पान्याने कार्ब्युरेटरची खालची वाटी काढ. तळाशी पाणी किंवा पिवळट गाळ दिसेल. जेट काढून कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मार, मग हवा मार. उजेडाकडे धरलास की भोकातून स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. तरी हंटिंग राहिलं तर कार्ब्युरेटर आणि इंजिनमधलं पॅकिंग बघू, तिथूनही हवा शिरते.

सी-२०३: काका, चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर?

काका: ताई, मग टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बघायचं. झाकण सैल केल्यावर नीट चाललं तर दोष तिथेच.

सी-२०३: आणि काल तो पार्किंगमध्ये का लावला होता? धूर थेट आमच्या खिडकीत. घरात बाळ आहे.

काका: ताईंचं शंभर टक्के बरोबर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. सचिव, यापुढे मशीन कंपाउंडच्या भिंतीपाशी, मोकळ्यावर. लांब केबल घ्या.

सचिव: आजच वॉचमनला सांगतो. केबलही आणतो.

बी-४०१: काका, रविवारी सकाळी पाने घेऊन येतो, जेट तुमच्यासमोरच काढू. जुनं पेट्रोल कुठे टाकायचं?

काका: गटारात अजिबात नाही. कॅनमध्ये भरून ठेव, गॅरेजवाल्याला विचारतो. आणि मल्टिमीटर आण, हर्ट्झ दाखवणारा. लोड नसताना ५१-५२, लोडवर ५० च्या आसपास आला की दिवे लावू.