मस ओरबाडला, रक्त थांबेना… तुम्ही काय केलंत?

सोलापूरचा उन्हाळा, घाम, खाज. त्यात साखळीत, कॉलरमध्ये नाहीतर टॉवेलात अडकून मस दुखावतो, आणि एवढ्याशा मसातून एवढं रक्त बघून माणूस घाबरतोच. स्वतःचा किंवा घरातला अनुभव लिहा. ऐकीव नको.

अशोक चौक : आमच्या अण्णांच्या हनुवटीवरच्या मसाचा शेंडा दाढी करताना उडाला. तुरटी फिरवली, रक्त चालूच. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी स्वच्छ रुमालाची घडी दाबून धरली. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, मेख तिथंच आहे. सलग १५ मिनिटं दाबल्यावर थांबलं.

साखर पेठ : आमच्या आजीने थेट चुना-सोडा लावला होता. मस गेला, पण कातडी भाजून रुपयाएवढा डाग राहिला. घोड्याच्या केसाने करकचून बांधायचा उद्योग चुलत्यांनी केला, तो पिकला.

जुळे सोलापूर : मी नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर. रक्त थांबलं की साध्या साबण-पाण्याने धुवा, व्हॅसलिनचा पातळ थर द्या, वर पट्टी. हळद, टूथपेस्ट, राख काही नको. अर्धवट लोंबत असेल तर ओढून तोडू नका. पूर्ण तुटला तर तुकडा फेकू नका, स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तपासणीला पाठवता येतो. ओरबाडल्यामुळे कॅन्सर होत नाही, ही भीती सोडा. पण धक्का न लागता रक्त येतं, दोन-तीन आठवड्यांत जखम भरत नाही, रंग किंवा आकार बदलतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. आणि पार्लरमध्ये जाळून घेऊ नका हो! जाळल्यावर तपासायला उरतं काय?

विजापूर रोड : धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का? कारखान्यात तारेने फाटलाय.

जुळे सोलापूर : तार मळकी असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर घ्या. आजच जा.

होटगी रोड : आमच्या मामांच्या तळपायावर काळा डाग होता. रक्त आलं की ‘काटा रुतला असेल’ म्हणायचे, शेतातला माणूस. जखम काही भरेना. तुकडा तपासला तर मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, सावळ्या कातडीत हा आजार कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली. ऑपरेशन झालं, आता चप्पल घालून रानात जातात. घरातल्या म्हाताऱ्यांचे तळवे कुणी बघतं का?

नवी पेठ : आत्ताच आईचे बघितले. नुसत्या भेगा आहेत. उलट तिनंच विचारलं, मसावरचा केस उपटला तर चालतो का?

जुळे सोलापूर : उपटू नका, मुळाशी पू होऊ शकतो. कात्रीने कापा.