अँबियंट म्युझिकला मराठीत काय म्हणायचं?

एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात अँबियंट म्युझिकपाशी अडले, म्हणजे भोवती हळू वाजत राहणारं, लक्ष दिलं-न दिलं तरी चालणारं संगीत. आधी 'पार्श्वसंगीत' लिहिलं आणि लगेच खोडलं कारण पार्श्वसंगीत म्हटलं की सिनेमा-नाटकच आठवतं, प्रसंगाच्या मागे वाजणारं, आणि इथे पुढे प्रसंगच नसतो ना. 'वातावरणीय' हवामान खात्याचं वाटतं. सुचतंय का काही?

– तंबोरा आठवा, सतत भरून राहिलेला सूर. 'सूरभारित' म्हणा.

– नाही हो, तंबोरा गाणाऱ्यासाठी असतो, याच्यात गाणाराच नाही. ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने १९७८ मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या आपल्या अल्बमला अँबियंट म्हटलं ते दुकानांतून वाजणाऱ्या म्युझॅकपेक्षा हे वेगळंय हे सांगायलाच, लक्ष दिलंत तर गुंतवेल, नाही दिलंत तर तक्रार नाही. अँबियंट शब्द मूळ लॅटिन, अर्थ भोवती फिरणं. आणि त्यातले सूर खरंच फिरतात, टेपची वेगवेगळ्या लांबीची वेटोळी, एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येणार, दुसरा जवळपास २६, तिसरा जवळपास ३०, मग ते कधी एकत्र येतात कधी लांब जातात, तासभर ऐकलं तरी तीच जुळणी परत सापडत नाही, मला हेच वेड लावतं. 'भोवताल-संगीत' बघा.

– जपानीत कांक्यो ओंगाकु म्हणतात, कांक्यो म्हणजे परिसर, पर्यावरण. हिरोशी योशिमुरा या संगीतकाराचा १९८२ चा 'म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स' हा अल्बम ऐका, टोकियोच्या हारा म्युझियममध्ये वाजायचा. पण आपला 'परिसर' पार महापालिकेचा झालाय, 'परिसर स्वच्छ ठेवा'.

– मग 'आसमंत' का नको? बरेच जण आसमान समजून आकाश या अर्थाने वापरतात, ते चूक. आसमान फारसी, आसमंत संस्कृत, समन्तात् म्हणजे चोहोबाजूंनी. लॅटिन शब्दाच्या अगदी जवळ!

– पण आसमंत दुमदुमतो, ढोलताशांनी. हे तर इतकं हळू की १९७५ मध्ये ईनो अपघातानंतर अंथरुणावर पडून होता, हार्पची रेकॉर्ड अगदी बारीक आवाजात लागलेली, उठून वाढवता येईना, बाहेर पाऊस, ते सूर पावसातच मिसळून गेले, आणि तिथून त्याला हे सुचलं.

– आसमंत दरवळतोही की, प्राजक्ताने.

– दरवळतो! हेच हवं होतं मला. 'आसमंत-संगीत' लिहिते, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी अँबियंटही ठेवते. 'आसमंती' मात्र कानाला खटकतंय, की चालेल?