पीडीएफमधला मराठी मजकूर हायलाइट होत नाहीये

पुस्तककिडा: पीडीएफवर प्रुफं तपासतोय, ओक्युलरमध्ये (पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर) पिवळा हायलाइट मारायला गेलं की अक्षरं सिलेक्टच होत नाहीत, आणि दुसऱ्या फाइलीत होतात पण कॉपी केलं की भलताच इंग्रजी कचरा पेस्ट होतो, काय करू?

टंकवीर: पहिली स्कॅन असणार, नुसता फोटो. ओसीआरमायपीडीएफ चालव, ते ओसीआर करतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून सिलेक्ट होणारा मजकूर बनवतं. त्यासाठी ते टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन वापरतं, त्याचा मराठी डेटा वेगळा टाकावा लागतो. जोडाक्षरं चुकतात हां, पण हायलाइटपुरतं भागतं.

पेठकर: दुसरी श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टात केलेली असेल, युनिकोड (सगळीकडे चालणारं अक्षरांचं प्रमाण कोडिंग) नाहीच ते, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून कचरा पेस्ट होतो. आणि प्रुफंच तपासायचीत ना, मग मजकूर बदलायला जाऊच नका, लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडलं की ओळींचे तुकडे होतात, त्यापेक्षा कमेंट टाका, डीटीपीवाला मूळ फाइलीत सुधारेल.

पुस्तककिडा: ओसीआर चाललं! दुसरीवर नोटाच चिकटवतो मग.