कॅनाबिसचा 'नकाशा' म्हणजे नेमकं काय म्हणायचं?

बोरूबहाद्दर: कॅनाबिसच्या जेनेटिक मॅपिंगवरचा लेख मराठीत आणतोय. 'गांजाचा जनुकीय नकाशा' लिहिलं तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या नकाशा गावाचा असतो. त्यात धाग्याचं हेम्प आणि नशेचं वाण, म्हणजे कॅनाबिसचीच दोन वाणं, यांचा संकर करून मॅपिंग केलंय, तर 'गांजा आणि गांजाचा संकर' असं लिहू का आता?

शेवटचाबाक: नकाशाच लिही, कुठलं जनुक कुठे बसलंय तेच दाखवतो ना. स्टर्टेव्हंट या जनुकशास्त्रज्ञाने १९१३ ला फळमाशीच्या ६ जनुकांचा काढला तोही नकाशाच होता. फक्त अंतर लांबीचं नसतं, दोन जनुकं पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटतात त्यावरून काढतात, शंभरात एकदा सुटली तर साधारण १ सेंटिमॉर्गन. आपण नाही का 'दोन तासावर आहे' म्हणत, तसं.

शुद्धमती: नकाशा फारसीतून आलाय. 'जनुकालेख' म्हणा.

शेवटचाबाक: आलेख म्हणजे ग्राफ हो ताई. आणि फारसी नको तर कागद आणि शाई पण परत करा.

रानवट: खरा घोळ गांजात आहे. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, भांग म्हणजे पाला, चरस म्हणजे राळ. सगळी मालाची नावं, झाडाचं एकही नाही!

शुद्धमती: भांग झाडालाही म्हणतात. तुळशीत भांग उगवते ती काय वाटलेली असते?

रानवट: बरं, ते मान्य.

नवखी: हेम्पला ताग चालेल?

रानवट: अजिबात नाही, ते झाडच वेगळं. अंबाडीच्या शास्त्रीय नावात तर चक्क 'कॅनाबिनस' आहे, ते पानं तशी दिसतात म्हणून, नातं काही नाही.

बोरूबहाद्दर: मग 'धाग्याची भांग' आणि 'नशेची भांग'? लेखात पुढे असं आहे की टीएचसी (नशा आणणारं रसायन) आणि सीबीडी (नशा न आणणारं) बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं इतकी चिकटून आहेत की आधी ती एकाच जनुकाची दोन रूपं वाटायची. या चिकटण्याला, म्हणजे लिंकेजला, काय म्हणू?

शेवटचाबाक: सहलग्नता.

नवखी: हे लग्नपत्रिकेतलं वाटतं 😄 पण केसांचा भांग आणि ही भांग एकच का? आजी म्हणायची दोन्ही 'भंग' वरून, एक केसांचा, एक अकलेचा.

शुद्धमती: आजीची व्युत्पत्ती गोड आहे पण पटत नाही. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी.

रानवट: लिंगावरून काय ठरतं? या झाडातही नर मादी वेगळे असतात, तरी जात एकच ना!

बोरूबहाद्दर: अहो, लिंकेजचं राहिलं.

शुद्धमती: थांबा हो, आधी भांग मिटू दे.