९१ वर्षांच्या आजीला डोंबिवलीहून कुडाळला न्यायचंय, कशाने न्यावं?

मृणाल_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आजी (आईची आई) ९१ वर्षांची. तिचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, ८६. कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलाय. हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं, आता कुडाळजवळ गावच्या घरी असतात. आजीचं म्हणणं एवढंच आहे, "त्याला येता येणार नाही. मी जाते." तिला नाही म्हणायची माझी इच्छा नाही.

आजी वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. जिना जमत नाही. बीपीची गोळी आणि सकाळी लघवीची गोळी असते. ऐकू कमी येतं. दिवसा अगदी खणखणीत असते, पण रात्री नवीन जागी गडबडते, कुठे आहोत ते तिला कळत नाही. सोबत आई (६४) आणि मी. दसऱ्याच्या आधी जायचंय. तिघींचं जाऊन-येऊन दहा हजारांत बसवायचंय, त्यापलीकडे खरंच शक्य नाही. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

विन्या_दुबई
विमान. दुसरा विचारच करू नका. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरा, तिथून टॅक्सीने तासाभरात कुडाळ. मी माझ्या आईला ८८व्या वर्षी दुबईला आणलं, व्हीलचेअर थेट दारापासून सीटपर्यंत. व्हीलचेअरचे पैसे लागत नाहीत, फक्त ४८ तास आधी कळवून ठेवा. पुढच्या रांगेतली सीट विकत घ्या. पैसे पुन्हा मिळतील, आई पुन्हा मिळत नाही.

हायवे_बाबा
विमानतळावर दोन तास आधी जा, तपासणीच्या रांगा, मग पुन्हा टॅक्सी. त्यापेक्षा स्वतःची गाडी काढायची. मी सासऱ्यांना इनोव्हातून नेलं, मागची सीट पाडून गादी घातली. हवं तिथे थांबता येतं.

पार्ल्याची_सुमन
गादीवर झोपवून? आणि सीटबेल्ट? गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा गादीवरचा माणूस कुठे जाईल याचा विचार करा हो. मुंबई-गोवा रस्त्याचं काम २०११ पासून चालू आहे. आमच्या यजमानांची पाठ त्या रस्त्याने कायमची धरली आहे. म्हाताऱ्या हाडांना खड्डे नकोत. मी रेल्वेच म्हणेन.

हायवे_बाबा
बराचसा रस्ता आता चांगला झालाय. कशेडीचा बोगदाही झाला. नाहीतर पुणे-कोल्हापूर करून फोंडा घाटाने कणकवलीला उतरा.

पार्ल्याची_सुमन
९१ वर्षांच्या बाईला फोंडा घाटातून? वळणावळणाला ओकारी होईल.

दत्ता_एसटीवाला
कुणीच एसटीचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे. आजींचं तिकीट शून्य. तुम्हा दोघींना महिला म्हणून निम्मं. बजेट निम्मंसुद्धा लागणार नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढली ती अजून दिलेली नाही, याबद्दल कोणी बोलत नाही.

मृणाल_डोंबिवली
दत्ताजी, धन्यवाद, सवलतीचं माहीत नव्हतं. पण रात्रभर बस, आणि मध्येच लघवीला लागलं तर काय करायचं? एसटी तिच्यासाठी थांबेल का?

दत्ता_एसटीवाला
कंडक्टरला आधी सांगून ठेवायचं. माणुसकीने थांबवतात. पण हो, डेपोतल्या स्वच्छतागृहात वॉकर नेणं अवघड जातं, तेवढं खरं.

निवृत्त_स्टेशनमास्तर
मृणालताई, मी नोकरीत असताना जे पाहिलं ते लिहितो.

पहिलं तिकीट. ॲपवर कोटा निवडताना 'लोअर बर्थ/सीनियर सिटिझन' घ्या. पुरुष ६० आणि बायका ४५च्या पुढे असतील तरच तो मिळतो, आणि तिकिटावर एकटी किंवा दोनच व्यक्ती हव्यात, दोन्ही वयात बसणाऱ्या. तुम्ही तिघींचं एकच तिकीट काढलंत की हा कोटा हातातून गेला. म्हणून आजी आणि आई एका तिकिटावर, तुमचं तिकीट वेगळं. जनरल कोट्याला वेटिंग दाखवत असताना या कोट्यात जागा असते, बहुतेकांना हे माहीतच नसतं.

दुसरं, गाडी ठाण्याला किंवा पनवेलला पकडू नका, उलट सीएसएमटीला जा. डोंबिवलीकराला हे उलटं वाटेल, मला कल्पना आहे. पण ठाण्याला गाडी जेमतेम थांबते, आणि वॉकरवालं माणूस त्या वेळात चढवताना हातपाय मोडतात. सीएसएमटीला गाडी आधी लागलेली असते. टर्मिनस असल्यामुळे पूल, जिना काही नाही, सपाटीवरून थेट डब्यापर्यंत जाता येतं. व्हीलचेअर स्टेशनच्या ऑफिसात मिळते, ढकलायला हमाल करा. मजुरी आधी ठरवा.

तिसरं म्हणजे उतरणं, ते चढण्यापेक्षा कठीण. डबा कुठे थांबतो ते आधीच विचारा, म्हणजे घरचे नेमके तिथे उभे राहतील. कणकवली गेलं की सामान दारापाशी, सिंधुदुर्ग गेलं की आजी दारापाशी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय बाहेर नाही. अडचण आली तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

विन्या_दुबई
एवढं करण्यापेक्षा विमान सोपं नाही का? चिपीलाही विमानतळ आहे, अगदी जवळ.

कुडाळचो_बाबी
चिपीचा मुंबई विमान कधी आसता, कधी नसता. चालू आसा काय ता आदी बघा. आनि थयचा विमान ल्हान, शिडीन चढूचा लागता. आजयेक जमाचा नाय.

मृणालताई, मी कुडाळचोच. गाडी हय दोनच मिनटां थांबता. स्टेशनमास्तर काकांनी सांगल्यानी तसाच करा. डबो नंबर माका सांगून ठेया, मी आनि माझो पोरगो येतंव उतरूक.

अरुणा_ठाणे
मी फर्स्ट एसी सुचवेन. कोकणकन्येला फर्स्ट एसी आहे, रात्री झोपायचं, सकाळी कुडाळ. दार बंद केलं की आपली खोली. आमचे वडील शेवटचे दोन प्रवास असेच गेले. तिघींचं दहा हजारांत बसणार नाही, पण एकदाच तर करायचंय. नातेवाईकांकडून थोडे घ्या.

स्नेहल_के
अरुणाताईंशी सहमत. फर्स्ट एसीच घ्या. रात्रीचा प्रवास म्हणजे दिवस वाया जात नाही.

मनोहर_नाशिक
रात्रीचा प्रवास नको, मी कळकळीने सांगतो. आईला (तेव्हा ८७) रात्रीच्या गाडीने इंदूरला मामांकडे नेत होतो. आई रात्री तीनला उठली, तिला वाटलं आपण घरीच आहोत आणि न्हाणीघर उजवीकडे आहे. कडी काढून ती पॅसेजमध्ये, तिथून दोन डब्यांच्या सांध्यापाशी पोचली. टीसीने धरलं म्हणून निभावलं. दिवसा ती सगळ्यांची नावं पाठ म्हणायची. रात्र झाली, जागा नवी झाली, की दुसरीच बाई. तुम्ही लिहिलंय की आजी रात्री गडबडते. हे सगळ्यात आधी धरा, बाकी एसी, नॉनएसी मागाहून.

नेहा_फिजिओ
मनोहरदादांचा मुद्दा अगदी बरोबर. माझे बरेचसे पेशंट ऐंशीच्या पुढचे. संध्याकाळनंतर, अंधारात, अनोळखी जागी गोंधळ वाढणं खूप जणांत दिसतं. पाणी कमी पडलं की तो आणखी वाढतो. लोक प्रवासात लघवीला लागू नये म्हणून पाणी बंद करतात आणि मग बद्धकोष्ठता, लघवीचा त्रास, चक्कर, हे सगळं गावी पोचल्यावर सुरू होतं. घोटघोट पाणी चालू ठेवा. डायपर घालून ठेवा, आजींना तो 'प्रवासापुरता' म्हणून सांगा, त्यांचा मान राहील अशा शब्दांत.

लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा की प्रवासाच्या दिवशी वेळ बदलता येईल का.

बसून बसून पायात रक्त साकळू शकतं. तासाला एकदा टाच वर, चवडा वर असं करून घ्या. जमेल तेव्हा सीट धरून उभं करा. एकच पाय सुजून दुखला तर थांबू नका, डॉक्टर गाठा. गावात गरज पडली तर १०८.

माझं मत, दिवसाची गाडी, म्हणजे मांडवी एक्सप्रेस, आणि थर्ड एसी.

स्नेहल_के
वंदे भारत का नको? दिवसाचीच आहे, स्वच्छ आहे, झटपट पोचते.

निवृत्त_स्टेशनमास्तर
वंदे भारत कुडाळला थांबत नाही. कणकवलीला उतरून पुढे गाडी करावी लागेल. शिवाय पावसाळी वेळापत्रकात आठवड्याला तीनच दिवस धावते. आणि पाठ टेकायला आडवं होता येत नाही. मांडवी सकाळी ७.१० ला सुटते. पावसाळी वेळापत्रक चालू आहे, गाड्या सावकाश जातात, पोचायला संध्याकाळ होईल हे गृहीत धरा.

दत्ता_एसटीवाला
म्हणजे पहाटे साडेतीनला आजींना उठवायचं. एसटी डोंबिवलीतूनच सुटली असती.

जुनी_आठवण
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ९१ व्या वर्षी नेणं योग्य आहे का? व्हिडिओ कॉल करून द्या. भावाची ती अवस्था बघून आजीच कोसळली तर? आमच्याकडे आम्ही आजीला काही सांगितलंच नव्हतं.

पार्ल्याची_सुमन
आमच्या सासूबाईंना त्यांच्या बहिणीचं असंच सांगितलं नाही. नंतर कळलं तेव्हा त्या आमच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मला लहान मूल समजलात. त्यांना ऐकू कमी यायचं, फोनवर काहीच कळायचं नाही. मृणालच्या आजीलाही ऐकू येत नाही. फोनचा उपयोग काय? हात हातात घ्यायला जायचंय तिला.

मनोहर_नाशिक
एक कटू गोष्ट लिहितो, राग नसावा. तुम्ही तिथे असतानाच काही झालं तर आजी बारावं-तेरावं झाल्याशिवाय निघणार नाही. औषधं चार दिवसांची नेऊ नका. वीस दिवसांची न्या. प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, कानाच्या मशीनचे जास्तीचे सेल. परतीचं तिकीट रद्द करावं लागेल हेही मनात ठेवा.

अरुणा_ठाणे
असं अभद्र कशाला लिहायचं? जाताना शुभ बोलावं.

मनोहर_नाशिक
अरुणाताई, आमच्याकडे तेच झालं आणि बीपीची गोळी संपली होती. तालुक्याला धावलो. म्हणून लिहिलं.

कुडाळचो_बाबी
मनोहरदादा बरोबर बोलतत. औषधां भरपूर आणा. आनि घराक कमोड आसा काय ता इचारा. नसलो तर कमोडची खुर्ची भाड्यान बघतंय मी.

मृणाल_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आई, आजी आणि मी बसून ठरवलं. मांडवी. आणि स्लीपर.

हो, माहीत आहे, एकानेही स्लीपर सांगितलं नाही. आजीला एसीत सांधे धरतात, ती घरातही पंखा दोनवर ठेवते. पण त्याहून मोठं कारण तिने स्वतः सांगितलं. एसी डब्यात काच बंद असते. तिला वशिष्ठीचा पूल, रत्नागिरी, बोगदे, सगळं उघड्या खिडकीतून बघायचंय. "मी ह्या वाटेने पुन्हा जाणार नाही, मला वारा लागू दे," असं म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बजेटही बसतं.

स्टेशनमास्तर काकांनी सांगितल्याप्रमाणे आजी-आईचं तिकीट त्या कोट्यातून काढलं. दोन्ही खालचे बर्थ, समोरासमोर मिळाले! माझं वेगळं, त्याच डब्यात. सीएसएमटीलाच चढणार. डॉक्टरांशी बोलले, त्या दिवशी लघवीची गोळी संध्याकाळी पोचल्यावर द्यायची, असं त्यांनीच सांगितलं. औषधं वीस दिवसांची बांधली आहेत.

नेहा_फिजिओ
स्लीपरला माझा विरोध आहे, धूळ आणि गर्दी. खालचा बर्थ मिळाला तरी दिवसा वरचे दोघं येऊन बसणारच, तो त्यांचा हक्क आहे. आजींना आडवं होता येईलच असं नाही. निदान खिडकीची बाजू सोडू नका, पाठीला उशी द्या, आणि मान लटकू देऊ नका.

मृणाल_डोंबिवली
आजी दिवसा झोपत नाही, पण उशी नक्की घेते. सहप्रवाशांना मी आधीच विनंती करेन.

अरुणा_ठाणे
तरी सांगते, परतताना तरी फर्स्ट एसी घ्या. बाथरूमसाठी स्लीपरमध्ये काय करणार?

निवृत्त_स्टेशनमास्तर
डब्यात एक तरी कमोड असतो. कुठल्या टोकाला आहे ते चढताना बघून ठेवा, आणि शक्य तर गाडी थांबलेली असताना न्या, धावताना नाही. पायरी उंच असते, एक बुटकं मजबूत स्टूल सोबत न्या, आजींना चढता-उतरताना लागेल. मोडणारं प्लास्टिक नको.

हायवे_बाबा
मांडवीचं जेवण चांगलं असतं बरं का. पण आजींना बाहेरचं देऊ नका, मऊ भात घरून न्या.

कुडाळचो_बाबी
डबो नंबर पाठवा मृणालताई. आजयेक सांगा, भाऊ वाट बघतत म्हणान.

मृणाल_डोंबिवली
एस ४. संदेशात सविस्तर पाठवते. बाबीदादा, कमोडची खुर्ची लागेल, घरी नाही. भाडं किती ते कळवा.